टाकलेली राणी माघारी का गेली नाही? डेन्मार्कच्या इंगेबोर्गचा वीस वर्षांचा दावा

प्रश्न असा आहे: डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिला फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा (फिलिप ऑगस्टस) याने ११९३ मध्ये लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी टाकलं. तिचा भाऊ राजा होता, माहेर भरलेलं होतं. मग ती परत का गेली नाही? ते नको होतं तर मठात राहून शांतपणे आयुष्य का काढलं नाही? आणि राजाला तिच्यात असं काय खुपलं?

मी कौटुंबिक दाव्यांत वकिली करते आणि युरोपातल्या चर्चच्या विवाहकायद्याचा इतिहास बरीच वर्षं वाचत आले आहे. त्यामुळे हे उत्तर वकिलाच्या नजरेतून येणार. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ती डेन्मार्कला गेली असती किंवा तिने मठाची दीक्षा घेतली असती, तर दावा तिथेच संपला असता आणि राजाला हवं ते फुकटात मिळालं असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या, फ्रेंचचा शब्दही न येणाऱ्या त्या मुलीने हे पहिल्या तीन महिन्यांत ओळखलं आणि पुढची वीस वर्षं आपली जागा सोडली नाही. तिची गोष्ट बिचाऱ्या राजकन्येची म्हणून सांगितली जाते, त्याचं मला वाईट वाटतं. तिचे हाल झाले हे खरंच, पण ती लढत होती.

आधी सोयरीक कशी जमली ते पाहू. फिलिपची पहिली राणी, हेनो घराण्यातली इझाबेल, मार्च ११९० मध्ये बाळंतपणात गेली. मागे लुई नावाचा एकच लहान मुलगा. त्याच वर्षी राजा धर्मयुद्धाला गेला आणि ११९१ च्या अखेरीस आजारी होऊन परतला. वर्षभराने त्याचा वैरी, इंग्लंडचा राजा रिचर्ड, परतीच्या वाटेवर पकडला गेला. फिलिपला ही संधी वाटली. डेन्मार्ककडे आरमार होतं, आणि इंग्लंडच्या गादीवर डॅनिश राजांनी एके काळी राज्य केलेलं असल्याने एक जुना हक्कही सांगता येत होता. वाल्देमार पहिला आणि सोफिया यांची मुलगी, गादीवरच्या कनूट सहाव्याची बहीण, अशी इंगेबोर्ग म्हणूनच त्याला हवी होती. कनूटने आरमार द्यायला नकार दिला. शेवटी हुंडा ठरला तो १०,००० मार्क चांदीचा. मध्यस्थी करणारा मठाधिपती विल्यम मूळचा पॅरिसचा, पण बरीच वर्षं डेन्मार्कमध्ये राहिलेला. हा माणूस पुढे तिच्या फार कामी आला.

१४ ऑगस्ट ११९३ रोजी आमियाँ शहरात लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, राज्याभिषेक झाला. रँसचा आर्चबिशप गियोम, म्हणजे राजाचा सख्खा मामा, पौरोहित्याला होता. विधी चालू असतानाच राजाचा चेहरा पांढरा पडला, तो थरथरू लागला, असं त्या काळच्या लेखकांनी नोंदवलं आहे. विधी संपले आणि त्याने जाहीर केलं की ही बायको मला नको. डॅनिश मंडळी अजून तिथेच होती. त्यांनी तिला परत न्यावं असा त्याने प्रयत्न केला. तिने साफ नकार दिला. मग तिची रवानगी पॅरिसजवळच्या सँ-मोरच्या मठात झाली.

राजाला काय खुपलं, यावर आठशे वर्षं तर्क चालू आहेत. त्याच्या बाजूच्या बखरकाराने सैतानाला आणि जादूटोण्याला दोष दिला. इंग्लंडमधल्या एकाने ऐकीव कारणं लिहून ठेवली: तोंडाला दुर्गंधी, लपवलेलं व्यंग, कौमार्य नव्हतं. प्रत्यक्ष पाहणारे मात्र तिच्या रूपाची आणि वागण्याची तारीफच करतात. या प्रश्नात मी फार वेळ घालवत नाही. नवरा बायकोला टाकतो तेव्हा लोक आधी ‘तिच्यात काय खोट होती’ हेच विचारतात, आणि टाकणाऱ्याला कारण द्यावंच लागत नाही. फिलिपला मात्र द्यावं लागलं, कारण चर्चच्या कायद्यात ‘आवडली नाही’ ही सबब चालत नव्हती. त्याने दिलेली कारणं एकामागून एक बदलत गेली, आणि ती कशी बदलली हे पाहण्यासारखं आहे.

पहिलं कारण होतं नात्याचं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात पिढ्यांपर्यंतचं नातं लग्नाला आड यायचं, आणि हा नियम मेलेल्या बायकोच्या नातलगांनाही लागू होता. आपल्याकडे सपिंड संबंध हिंदू विवाह कायद्यात आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्या मोजतात. त्यावरून सात पिढ्या म्हणजे किती दूरवर हात पोचतो ते कळेल. युरोपातली राजघराणी आपसात इतकी गुंतलेली होती की नीट शोधलं तर कुणाचंही लग्न मोडता यायचं. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ही मर्यादा सातवरून चारवर आणली. इंगेबोर्गच्या वेळी मात्र सातचाच नियम होता.

५ नोव्हेंबर ११९३ रोजी काँपियेन्यला बिशप आणि सरदारांची सभा भरली. अध्यक्ष तोच आर्चबिशप मामा, ज्याने तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा तिच्या राज्याभिषेकाचे विधी केले होते. शपथेवर वंशावळ सांगणाऱ्यांत राजाच्या घरचेच बरेच. म्हणणं असं की इंगेबोर्ग आणि आधीची राणी इझाबेल या फ्लँडर्सचा काउंट चार्ल्स याच्यामार्फत एकमेकींच्या नात्यातल्या आहेत.

ही वंशावळ कागदावर मांडून बघा, लबाडी लगेच सापडते. चार्ल्सचे वडील डेन्मार्कचे राजे कनूट चौथे, आई फ्लँडर्सची आडेला. इंगेबोर्गचे आजोबा कनूट लावार्ड हे चार्ल्सचे चुलतभाऊ, कारण दोघांचे वडील सख्खे भाऊ. इझाबेलच्या आईचे वडील, आल्सासचे तिएरी, हे चार्ल्सचे मावसभाऊ, कारण दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. आता माझा चुलतभाऊ आणि माझा मावसभाऊ यांचं आपसात रक्ताचं नातं असतं का? नसतं. मी दोघांचीही बहीण, पण ते एकमेकांचे कुणीच नाहीत. चार्ल्स तर ११२७ मध्ये निपुत्रिक मारला गेला होता, म्हणजे त्याच्यापासून पुढे कुणाची शाखाही निघत नाही. गावातल्या कुठल्याही आजीबाईने हे नातं क्षणात सोडवून दिलं असतं. सभेतल्या विद्वान बिशपांना ते कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

तिचा वकील नव्हता. तिची माणसं सोबत नव्हती. निकाल झाल्यावर दुभाष्याने तिला तिच्या भाषेत अर्थ सांगितला, तेव्हा ती रडत ओरडली: ‘माला फ्रांकिया! रोमा, रोमा!’ म्हणजे दुष्ट फ्रान्स, रोम, रोम. लोक हे वाचताना हुंदक्याकडे बघतात, मी त्या ‘रोमा’कडे बघते. पोपचं नाव घेणं म्हणजे वरच्या कोर्टात अपील, आणि अपिलाचा शब्द सभेत सर्वांसमोर उच्चारला गेला की खालच्या सभेचा निकाल अंतिम राहत नाही. तिला तुटपुंजं लॅटिन येत असेल, पण तेवढ्या एका शब्दाने तिचा दावा फ्रान्सच्या राजाच्या हाताबाहेर गेला.

आता परत न जाण्याचं. ती माहेरी गेली असती तर काँपियेन्यचा निकाल तिने वागण्यातून मान्य केला असं धरलं गेलं असतं. विवाह मुळातच झाला नव्हता असं ठरलं की राणीपद गेलं, विधवा झाल्यावरचा हक्क गेला, आणि एक रात्र सासरी काढून परत आलेली मुलगी म्हणून उरलेलं आयुष्य भावाच्या दारात.

मठाची वाट तर याहून धोक्याची होती, आणि राजाची माणसं तिला पुन्हापुन्हा तिकडेच ढकलत होती. चर्चचा नियम असा की पतिपत्नीचा शरीरसंबंध झालेलाच नसेल, तर दोघांपैकी एकाने संन्यासदीक्षा घेतल्यावर ते लग्न सुटतं आणि दुसऱ्याला पुन्हा लग्न करता येतं. फिलिप म्हणत होता संबंध झाला नाही. इंगेबोर्ग शेवटपर्यंत सांगत राहिली की झाला. तिने एकदा डोक्यावर नन्सचं वस्त्र घेतलं असतं की राजाचं म्हणणं पुरं झालं असतं. ती मठांत राहिली, प्रार्थना केल्या, उपास केले, पण शपथ घेतली नाही. हा फरक तिने किती सांभाळला हे पाहून माझ्यासारख्या रोज अर्ज-कैफियती लिहिणाऱ्या बाईला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

तिची पुढची वर्षं गरिबीत गेली. तूर्नेचा बिशप एतिएन याने त्या आर्चबिशपालाच एक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की ही राजाची मुलगी आणि राजाची बहीण पोटासाठी आपले कपडे आणि भांडी विकते आहे, दिवस प्रार्थना, वाचन आणि हातकामात घालवते आहे. रूपात ती ग्रीक कथांमधल्या हेलनहून कमी नाही, असंही तो लिहितो. फ्रान्समधल्याच एका बिशपाने राजाच्या मामाला असं खडसावून लिहावं, ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती.

दरम्यान कनूटने आपला चॅन्सलर आंदर्स सुनेसन आणि मठाधिपती विल्यम यांना खरी वंशावळ देऊन रोमला धाडलं. ११९५ मध्ये पोप सेलेस्टिन तिसरा याने काँपियेन्यचा निकाल रद्द ठरवला आणि राजाला दुसरं लग्न करायला मनाई केली. परतताना या दोघांना फिलिपच्या माणसांनी बर्गंडीत पकडून डांबलं. सेलेस्टिन फार वृद्ध होता. हुकूम काढण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. फिलिपनेही हुकमाला भीक घातली नाही. जिनिव्हाच्या काउंटच्या मुलीशी त्याने बोलणी केली, पण ती वाटेत असतानाच साव्हॉयच्या तोमाने तिला गाठून स्वतःच लग्न लावून घेतलं. मग जून ११९६ मध्ये फिलिपने मेरानियाच्या ड्यूकची मुलगी आन्येस हिच्याशी लग्न केलं. आन्येसला सवत म्हणून रंगवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तिला वडिलांनी दिलं, राजाने राणी म्हणून नेलं, तिला मुलं झाली, आणि कायदा कुठे उभा आहे हे तिला कुणी विचारलंही नाही.

जानेवारी ११९८ मध्ये इनोसंट तिसरा पोप झाला. जेमतेम सदतीस वर्षांचा आणि अतिशय करारी. त्याने फिलिपला बजावलं की आन्येसला दूर कर आणि इंगेबोर्गला नांदव. फिलिपने ऐकलं नाही, तेव्हा जानेवारी १२०० पासून राज्यावर धर्मबंदी लागू झाली. चर्चची दारं बंद, घंटा बंद, मिसा बंद, पवित्र भूमीत दफन बंद. नवजात बाळाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं पापनिवेदन एवढंच चालू. नवरा बायकोला नांदवत नाही म्हणून सगळ्या राज्यातली प्रेतं पुरण्यावाचून राहिली. बंदी पाळणाऱ्या बिशपांना राजाने त्यांच्या जागांवरून हाकललं. त्याच्या स्वतःच्या मुलाचं, लुईचं, कास्तीलच्या राजकन्या ब्लांशशी लग्न मे १२०० मध्ये झालं ते राज्याबाहेर, तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे असलेल्या नॉर्मंडीत, कारण घरच्या चर्चमध्ये लग्न लागू शकत नव्हतं.

नांदवण्याचा हुकूम हे हत्यार पुढे इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आपल्याकडे आलं. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी नांदायला न येणाऱ्या आपल्या पत्नीवर, रखमाबाईंवर, मुंबई हायकोर्टात दावा लावला तो याच हत्याराने, आणि न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये नेमकं हेच दाखवलं की याचं मूळ हिंदू धर्मशास्त्रात नाही. अपिलात हे टिकलं नाही. १८८७ मध्ये हुकूम निघाला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. इंगेबोर्गने जे मागितलं ते रखमाबाईंनी नाकारलं, पण दोघींची मागणी एकच होती: माझ्या लग्नाचं काय करायचं ते माझ्यावाचून ठरवू नका.

इकडे धर्मबंदीनंतर आठ महिन्यांत फिलिप नमला, म्हणजे नमल्यासारखं दाखवलं. सप्टेंबर १२०० मध्ये पोपच्या प्रतिनिधीसमोर त्याने इंगेबोर्गला राणी म्हणून जवळ घेतलं, बंदी उठली, आणि पाठोपाठ तिची रवानगी एताँपच्या किल्ल्यात झाली.

मार्च १२०१ मध्ये स्वासाँला धर्मसभा भरली. सभा चालवणाऱ्या पोपच्या प्रतिनिधींपैकी एक राजाकडे झुकलेला आहे असं म्हणून डॅनिश वकील निघून गेले आणि इंगेबोर्ग पुन्हा एकटी पडली. तेव्हा प्रेक्षकांतून एक गरीब, अनोळखी धर्मपंडित उठला आणि तिच्या बाजूने इतकं मुद्देसूद बोलला की सभा थक्क झाली. दोन आठवडे युक्तिवाद चालला. निकाल आपल्याविरुद्ध जाणार हे दिसताच फिलिप एका सकाळी आला, इंगेबोर्गला घोड्यावर मागे बसवलं, ‘ही माझी बायको’ असं कळवलं आणि निघून गेला. निकाल देण्यासारखं काही उरलंच नाही. निकालाच्या आदल्या दिवशी ‘आम्ही नांदवायला तयार आहोत’ असा अर्ज येतो, दावा काढून घेतला जातो आणि बाई पुन्हा त्याच घरात जाते, हे मी आजही पाहते. इंगेबोर्ग एताँपलाच परत गेली.

त्या जुलैमध्ये आन्येस प्वासीला वारली. इनोसंटने तिच्या दोन्ही मुलांना औरस ठरवलं. राज्याला लुई हा एकच वारस होता आणि पोपला राजाची मैत्रीही हवी होती, हे विसरून चालणार नाही. इनोसंट न्यायाने वागला, पण हिशेब ठेवून.

१२०३ च्या सुमारास इंगेबोर्गने इनोसंटला लिहिलेलं पत्र मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा कागद वाटतो. मला कुणी भेटायला येऊ शकत नाही. धीर द्यायला धर्मगुरू नाही. खाणं कधी पुरतं, कधी नाही. आंघोळीची सोय नाही. वैद्य येत नाही, उपचार म्हणून रक्त काढून घेता येत नाही, त्यामुळे डोळे जातील अशी भीती वाटते. कपडे पुरेसे नाहीत आणि आहेत ते राणीला शोभत नाहीत. आसपासची माणसं अपमान करतात. आणि मग ती एक विनंती करते: या छळाला कंटाळून किंवा भीतीने माझ्या तोंडून लग्नाच्या हक्काविरुद्ध काही गेलंच, तर ते माझ्याविरुद्ध धरू नये. दबावाखाली दिलेली कबुली ग्राह्य नाही, ही हरकत तिने कबुली देण्याच्या आधीच नोंदवून ठेवली. त्यानंतर राजाने तिच्याकडून काहीही वदवून घेतलं असतं तरी त्याचं वजन शून्य होतं.

नात्याचं कारण टिकेना तेव्हा राजाने नवं काढलं: चेटूक झालं, त्यामुळे संबंध होऊ शकला नाही. पुढची सात-आठ वर्षं या मुद्द्यावर रोमशी पत्रव्यवहार चालला. इनोसंटने चौकशी नाकारली नाही आणि घटस्फोटही दिला नाही.

तिची सुटका न्यायनिवाड्याने झाली नाही, युद्धाने झाली. १२१३ च्या वसंतात फिलिप इंग्लंडवर स्वारीची तयारी करत होता. इंग्लंडचा राजा जॉन तेव्हा पोपच्या बहिष्कारात होता, आणि पोपच्या नावाने लढायचं तर पोपशी भांडण परवडणारं नव्हतं. एप्रिलमध्ये त्याने अचानक इंगेबोर्गला राणी म्हणून परत आणलं. बारा वर्षांची एताँपची कैद संपली. पुढच्याच महिन्यात जॉन पोपला शरण गेला, पोपने फिलिपची स्वारी थांबवली आणि त्याचं मोठं आरमार दाम बंदरात जळालं. ज्या फायद्यासाठी राणीला परत आणलं तो हातून गेला, पण राणीला पुन्हा हाकलता आलं नाही.

संसार झाला असं मानायला जागा नाही. मान मात्र मिळाला. तिची चित्रमय प्रार्थनापोथी आज फ्रान्समध्ये शांतीयीच्या संग्रहालयात आहे: सोनेरी पार्श्वभूमीवर पानभर चित्रं, आणि सुरुवातीला सणवारांचं कॅलेंडर. त्यात तिच्या आईवडिलांच्या पुण्यतिथ्या आहेत, आणि जुलैच्या पानावर २७ जुलै १२१४ च्या बुव्हिनच्या लढाईत राजा फिलिप जिंकल्याची नोंद आहे. ज्या नवऱ्याने तिला बारा वर्षं किल्ल्यात ठेवलं, त्याच्या विजयाची नोंद तिच्या पोथीत आहे. कुणी याला निष्ठा म्हणेल. मला यातही तिचा दावा दिसतो. राजाचा विजय राणीच्या पोथीत नोंदला जातो आणि ती राणी आहे.

फिलिपने मृत्युपत्रात तिला पत्नी म्हणून १०,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) ठेवले. १४ जुलै १२२३ रोजी तो वारला. सावत्र मुलगा लुई आठवा आणि नंतर नातू लुई नववा यांनी तिला राजमाता म्हणून वागवलं, ऑर्लेआँकडचं विधवाधन तिच्याकडे राहिलं, आणि १०,००० मार्कांच्या हुंड्याने आलेली ही बाई आपल्या उत्पन्नाची मालकीण झाली. त्या पैशातून तिने कॉर्बेयजवळ एका बेटावर सेंट जॉनच्या संप्रदायासाठी मठ बांधला, त्यात फिलिपच्या आत्म्यासाठीही प्रार्थना लावून दिल्या, आणि अखेरपर्यंत तिथेच राहिली. १२३६ च्या सुमारास ती गेली. फिलिप सँ-दनीच्या राजघराण्याच्या स्मशानात आहे. तिला स्वतः बांधलेल्या मठात पुरलं, फ्रान्सची राणी म्हणून.